शिशाचा तोल

पोरगा अमेरिकेत, ऑरेगनला असतो. तिकडं हौशी माणसं विमानाचं किट आणून घरच्या गॅरेजात विमान जोडतात. सरकारचा एक नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौसेनं, हौशी माणसांच्याच हातचं पाहिजे. मी गेलो तेव्हा शेपटीची हलती पाती उरकत आली होती. उभं पातं ते रडर, आडवं ते एलिव्हेटर. त्यानं विमानाचं नाक वर-खाली होतं.

ॲल्युमिनिअमचा पत्रा अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नाही. प्रत्येक भोकाची कड साफ करायची, नाहीतर तिथूनच चीर जाते. तो रिव्हेट ठोकायचा, मी मागून लोखंडी ठोकळा धरायचो. मागली धार सुतात आहे का, हे माझ्या नजरेला विचारायचा. औताचा दांडा पारखणारी नजर ती, तिथंही कामाला आली.

एलिव्हेटरच्या पुढच्या टोकात शिसं असतं. मी म्हणालो, "सगळं हलकं करता आणि शिसं कशाला घालता?"

"अण्णा, पातं मागं जड राहिलं तर वेगात फडफडतं. बघता बघता मोडून जातं."

बैलगाडी उलाळते तसंच की! बिजागरीवर पातं टांगून, शिसं कमी-जास्त करून तोल साधायचा. रंग दिल्यावर पुन्हा तोलायचं, कारण रंगालाही वजन असतं.

पुढं त्यात तो माझ्या नातीला बसवणार आहे. म्हणून म्हटलं, "पोरा, चार दिवस जास्त लागू दे."