साठ टोप्या, साठ सुरळ्या



गेल्या महिन्यात माझ्याकडून काही लिहून झालं नाही. दोघी-तिघींनी देवळात विचारलंही, "काय, बरं आहे ना?" बरं आहे, छानच आहे. आमची सून बी. कॉम. झाली, पहिल्या वर्गात. त्याची छोटी पार्टी घरी केली आणि त्यासाठी मिठाई मी आणि तिनं मिळून केली. कृती आणि प्रमाण हवंय असं बऱ्याच जणींनी सांगितलं, म्हणून आज लिहायला बसले. पण कृतीबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय ही कृती पूर्ण होत नाही.

निकाल लागला त्या रात्री मुलगा म्हणाला, "मोठा केक सांगू, हॉल घेऊ, रात्री आठ वाजता सगळ्यांना बोलवू." मी म्हटलं, "रात्री आठला खाणार कोण? मी नाही, तुझे बाबा नाहीत, आणि जिच्यासाठी पार्टी तीही नाही." आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही. डिसेंबरात सांगलीला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटी अष्टमी-चतुर्दशी टाळून एक रविवार ठरला. वेळ दुपारी तीन ते साडेपाच, आणि जागा आमची गच्ची.

नात तेरा वर्षांची आहे. तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. पदवीदानाची ती काळी चौकोनी टोपी, तिचा पिवळा गोंडा, रिबीन बांधलेली कागदाची सुरळी, सगळं केकवर लावलेलं. "आजी, असंच पाहिजे." दिसायला सुंदर होतं. मी सामानाची यादी वाचायला घेतली आणि तिथेच थांबले.

हे तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. आपण पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की निश्चिंत होतो. अंड्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण आपल्या देशाच्या नियमात मध आणि लाख हे शाकाहारी धरलेले आहेत. म्हणजे मध घातलेल्या वस्तूवरही हिरवा ठिपका असू शकतो. केकवर पेरायच्या चकचकीत रंगीत गोळ्यांना जी चमक असते, ती पुष्कळदा लाखेच्या लेपाची असते. पाकिटावर ९०४ असा आकडा दिसला तर ती लाख. लाख किड्यापासून मिळते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १२० हा आकडा दिसला तर तो लाल रंग, तोही किड्यांचाच, पण त्याला हिरवा ठिपका मिळत नाही. मऊ मऊ मार्शमेलो आणि चघळायच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते तर हाडा-कातड्याचं. नातीला हे सगळं एकेक आकडा दाखवून समजावलं. ती म्हणाली, "मग काय उरलं?" मी म्हटलं, "काजू उरले. दूध, साखर, केशर उरलं. खूप उरलं की."

लाल रिबिनीसाठी बीट सुचवलं शेजारणीनं. तिला कुठं ठाऊक की बीट आपल्याकडे कंदमूळ! म्हणून रिबीन केशराच्या पिवळ्या रंगाचीच केली. नातीला टोपीवर चांदीचा वर्ख हवा होता. पूर्वी वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत कुटायचे. २०१६ साली सरकारनं वर्ख करताना प्राण्यांपासूनचं काहीही वापरायला बंदी केली. तरी कित्येक वर्षं मिठाईवर वर्ख न लावायची सवय झालीय, ती मी मोडली नाही.

आता प्रमाण. साठ माणसांसाठी साठ टोप्या आणि साठ सुरळ्या करायच्या होत्या. काजू एक किलो, साखर साधारण साडेपाचशे ग्रॅम. हे चार भागांत केलं, एकदम एक किलोचा गोळा घरच्या कढईत आवरत नाही. एका भागाला पाव किलो काजू, १४० ग्रॅम साखर आणि साखर भिजण्यापुरतं पाव वाटीहून थोडं जास्त पाणी. काजू फ्रीजमधले असतील तर आधी बाहेर काढून ठेवा. मिक्सर सलग फिरवू नका, थांबत थांबत फिरवा, नाही तर तेल सुटतं. मग चाळून घ्या. एकतारी पाक झाला की पूड घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळायचं. तीन भागांच्या सुरळ्या झाल्या. पातळ लाटून, पट्ट्या कापून गुंडाळायच्या. चौथ्या भागातला मूठभर गोळा केशराच्या दुधात रंगवायला बाजूला काढला आणि उरलेल्यात दोन चमचे कोको घालून टोपीचे चौकोन कापले.

टोपीचा खालचा गोल भाग म्हणजे पेढा. त्याला म्हशीचं चार लिटर दूध आटवून घरीच खवा केला, साधारण आठशे ग्रॅम निघाला. त्यात घरी दळलेली साखर दोनशे ग्रॅम आणि कोको पन्नास ग्रॅम. पेढा वाटीसारखा वळून पालथा ठेवायचा आणि वर चौकोन दाबायचा. गोंडा कसा करायचा हे कोडं होतं. सूनबाईनं ते सोडवलं. तिनं शेवेचा सोऱ्या काढला, बारीक शेवेची चकती लावली आणि केशरी गोळा त्यातून दाबला. त्याचेच गोंडे झाले आणि सुरळ्यांच्या रिबिनीही.

पाण्याचा पाक असलेल्या मिठाईची मर्यादा आमच्या घरी चोवीस तासांची धरतात, आणि रात्री चूल नाही. म्हणजे सगळं त्या रविवारीच करायचं. गवळ्याला सांगून ठेवलं होतं. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत ते गाळून तापायला लागलं. सूर्योदय झाला आणि आम्ही दोघी दोन शेगड्यांसमोर उभ्या राहिलो. मुलांना अजून जाग नव्हती.

आता ती दुसरी गोष्ट.

सोळा वर्षांपूर्वी ती आमच्या घरी आली तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आली होती. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "शेवटचं वर्ष करू द्याल ना?" आम्ही म्हणालो होतो, "का नाही?" पहिल्याच पावसाळ्यात ती माझ्याकडे आली. मी कपाट आवरत होते. ती म्हणाली, "आई, फॉर्म भरायची तारीख जवळ आलीय. भरू का?" मी मागे वळूनही बघितलं नाही. म्हटलं, "आत्ताच तर आलीयस. घरात काय कमी आहे? पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी नातीची चाहूल लागली. मग नातू. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी पुन्हा कधी विषय काढला नाही.

मैत्रिणींनो, मी स्वतः १९८२ सालची शिवाजी विद्यापीठाची बी. कॉम. आहे. पदवीदानाला मला जाता आलं नाही, लग्न झालं होतं. प्रमाणपत्र पोस्टानं आलं. ते सासूबाईंनी वाचलं नाही, मीही कुणाला दाखवलं नाही. कपाटात खालच्या कप्प्यात आहे. मी त्या दिवशी आवरत होते ते हेच कपाट. दुकानाच्या वह्या मी घरात बसून वर्षानुवर्षं लिहिल्या, ताळेबंद जुळवले, पण मला "तू शिकलीयस" असं कुणी म्हटलं नाही. हे दुःख मला माहीत होतं. माहीत असून मी तेच पुढे दिलं.

आणि मी पाठशाळेत मुलांना शिकवते काय? भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक शिकवले. अक्षर आणि आकडा यांचा पहिला धडा मुलींना मिळाला, हे मी दर वर्षी अभिमानानं सांगते. आपल्या समाजातल्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, सोलापुरात पंडिता सुमतीबाईंनी बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य दिलं, हेही सांगते. माझ्याच घरातली सुंदरी तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची.

तीन वर्षांपूर्वी तिनं नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घातलं. मला विचारलं नाही, सांगितलं. "आई, मी ॲडमिशन घेतलीय, रविवारी केंद्रावर जावं लागेल." बस, एवढंच. त्या रविवारांचा स्वयंपाक मी करू लागले. रात्री साडेनऊला मुलं झोपली की ती टेबलाशी बसायची. मी उठून दार ओढून घ्यायचे, तिला टीव्हीचा आवाज नको म्हणून. त्यापलीकडे काही बोलले नाही.

तर त्या रविवारी सकाळी तिसऱ्या भागाचा पाक माझ्यासमोर उकळत होता. ती काजू चाळत होती. मी म्हटलं, "अगं, एक बोलायचं होतं. त्या वर्षी तू फॉर्मचं विचारलंस आणि मी नको म्हटलं. ते माझं चुकलं."

ती चाळतच राहिली. मला वाटलं ती म्हणेल, "जाऊ द्या हो आई, झालं ते झालं." तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "तुम्ही तेव्हा हो म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी रात्री रडायचे. तुम्हीच बी. कॉम. आहात म्हणून तुम्हाला तरी कळेल असं वाटायचं." मग थोडं थांबून म्हणाली, "आई, पाक बघा, पुढे जातोय."

पाक पुढे गेलाच होता. पूड घातली तर गोळा कोरडा झाला आणि लाटताना कडा तुटायला लागल्या. तुमचाही असा झाला तर टाकू नका. दोन चमचे कोमट दूध शिंपडून पुन्हा मंद आचेवर घ्या आणि गरम असतानाच तुपाच्या हातानं मळा. आम्ही दोघींनी तो गोळा आळीपाळीनं मळला. हात भाजत होते. बोललो नाही काही. त्या भागाच्या सुरळ्या बाकीच्यांपेक्षा थोड्या ओबडधोबड झाल्या, पण झाल्या.

दर वर्षी दशलक्षण पर्व संपलं की आपण क्षमावाणीला एकमेकींना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतो. मी सुनेलाही दर वर्षी म्हणत आले. सोळा वर्षं. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर." पण जे कळून चुकलं होतं त्याचं नाव कधी घेतलं नाही. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर फक्त एकूण बेरीज लिहिली, तपशिलाची ओळ कोरीच ठेवली. अशी वही मी दुकानात कुणाला लिहू दिली नसती. नाव घेऊन मागितलेली क्षमा जड जाते हे त्या सकाळी समजलं. समोरचीला खरं बोलायची मोकळीक द्यावी लागते, आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागतं.

अडीचपर्यंत सगळी ताटं लागली. गच्चीवर तिच्या केंद्रावरच्या मैत्रिणी आल्या. एक जण पंचावन्नची, नातवाला कडेवर घेऊन आली होती. तीसुद्धा यंदाच पदवीधर झाली. नातीनं टोप्या वाटल्या. पहिली टोपी तिनं आईच्या डोक्यावर ठेवून फोटो काढला, तेवढ्यात गोंडा केसांत अडकला, सगळे हसले. पावणेसहाला भांडी आवरून झाली होती. पाच टोप्या उरल्या, त्या खाली वॉचमनच्या घरी दिल्या.

संध्याकाळी सूनबाई माझ्या खोलीत आली. म्हणाली, "तुमचं सर्टिफिकेट कुठं आहे? माझं फ्रेम करायला टाकतेय, दोन्ही एकदम देऊ." मी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. कागद पिवळा पडलाय, पण अक्षरं ठळक आहेत. आता दोन्ही बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी लावलीत. दुकानाच्या वह्या आता तिच्याकडे दिल्यात, पण यावेळी तिच्या नावानं महिन्याचा पगार दुकानाच्या खर्चात टाकायला मुलाला सांगितलंय. त्यानं मान हलवली. पहिल्या महिन्याची नोंद मी स्वतः बघितली.

तुमच्या घरात एखादीचं एखादं वर्ष राहिलं असेल तर तिनं विचारायची वाट बघू नका, तुम्ही विचारा. आणि काजूचा पाक शेगडीवर असताना महत्त्वाचं बोलू नका. नाही तर बोलाच, दोन चमचे दूध जवळ ठेवा म्हणजे झालं.

जय जिनेंद्र.