काचेवरचा पडदा

गेल्या वर्षी आम्ही गाडी घेतली. नवी नाही, सात वर्षं वापरलेली वॅगनआर. मागच्या दोन्ही दारांना आणि मागच्या काचेला आधीच्या मालकाने काळी फिल्म लावलेली होती. विकणारा म्हणाला, "सोलापूरचं ऊन आहे साहेब, राहू द्या. लोक पैसे देऊन लावून घेतात, तुम्हाला फुकटात मिळतेय."

अशी फिल्म चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि त्याप्रमाणे वागणं यात आपल्याकडे बरंच अंतर असतं. 'बघू, पुढच्या महिन्यात काढू' असं म्हणत मी गाडी घरी आणली.

आणि मग अम्मी त्या गाडीत बसली.

अम्मीचं वय बहात्तर. घराबाहेर पडताना बुरखा आणि नकाब, हा तिचा लहानपणापासूनचा शिरस्ता. आमच्यावर तिने तो कधी लादला नाही. माझी बायको शाळेत शिकवते, फक्त ओढणी घेते. अम्मीने तिला त्यावरून कधी एक शब्द ऐकवलेला नाही. पण स्वतःपुरता तिचा नियम पक्का. स्कूटरवर, रिक्षात, एसटीत, भर मे महिन्यातही नकाब चेहऱ्यावर.

त्या दिवशी अक्कलकोटला मामूंकडे निघालो होतो. गाव मागे पडलं तसं मी आरशात पाहिलं. अम्मीने नकाब वर केला होता. काचेला कपाळ टेकवून ती बाहेर बघत होती. ज्वारीची रानं, रस्त्याकडेचे रसवाले, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली. म्हणाली, "बाहरवाले को नजर नै आता ना? कितना अच्छा है." तिच्या लहानपणी बायकांच्या टांग्याला चारी बाजूंनी चादर बांधायचे, बाहेरचं काहीच दिसायचं नाही, असं ती सांगायची. इथे पडदाही होता आणि जगही दिसत होतं. मी ठरवून टाकलं, फिल्म काढायची नाही. दंड झाला तर भरू.

दोन-तीन महिने असेच गेले. मग एका रात्री लग्नाहून परतताना शहराबाहेर नाकाबंदी लागली. पुढच्या गाड्या थोडं थांबून सुटत होत्या. आमच्या मागच्या काचेवर काठीची टकटक झाली. "काळ्या काचा? आत काय लपवताय?" मी लायसन्स दिलं. त्याने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, "मागची काच खाली घ्या."

मी बटण दाबलं. काच खाली गेली आणि बॅटरीचा झोत थेट अम्मीच्या चेहऱ्यावर पडला. ती डुलकी घेत होती, नकाब वरच होता. दचकून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पोलीस वाईट नव्हता. झोत लगेच खाली घेत तो म्हणाला, "घाबरू नका आजी." दंड झाला, पावती मिळाली, आम्ही निघालो. घरापर्यंत कुणी काही बोललं नाही.

मला झोप लागेना. 'लपवताय' हा शब्द टोचत होता. माझं नाव वाचल्यावर तो मला जास्तच टोचतो, हे कबूल करायला हवं. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. अम्मीचा चेहरा कुणी बघू नये म्हणून जी काच काळी ठेवली, तिच्याचमुळे तो चेहरा बॅटरीच्या उजेडात आला. साधी काच असती, तर आत एक म्हातारी बुरख्यात बसलीय हे त्याला बाहेरूनच दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी नियम नीट वाचला. मोटार वाहन नियमांत पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जावा, असं आहे. २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितलं की, काचेवर वरून काळी फिल्म चिकटवायचीच नाही, टक्के कितीही असोत. काळ्या काचांच्या आड होणारे गुन्हे, विशेषतः बायकांवरचे अत्याचार, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. हे वाचून मी थबकलो. एका बाईला झाकणारी काच दुसऱ्या बाईची किंकाळी झाकू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

पुढे नियम बदलला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने टक्क्यांच्या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. फिल्मच्या दुकानदारानेही मला तेच ऐकवलं, "हलकी लावू, टक्क्यात बसवू." पण अर्धा उजेड आत येणार, म्हणजे दिवसाढवळ्या माणूस दिसणारच. जी फिल्म नियमात बसते ती चेहरा लपवत नाही, आणि जी लपवते ती नियमात बसत नाही. उन्हाचं म्हणाल, तर सूर्याची जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. काच काळी दिसली म्हणून ती सगळी अडतेच असं नाही.

तरी निर्णय माझा नव्हता. मी अम्मीजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हिरमुसेल. ती तस्बीह बाजूला ठेवून म्हणाली, "मेरा परदा मेरे पास है बेटा. गाडी को कायको?" थोडं थांबून पुढे म्हणाली, "हज को गई तब चेहरा खुलाच था ना."

खरंच होतं. एहराममध्ये बाईने नकाब लावायचा नसतो. लाखो माणसांत तिचा चेहरा उघडा होता, आणि तिथे तिला संकोच वाटला नव्हता. मला सूरह नूर आठवली. तिथे नजर खाली ठेवायची आज्ञा आधी पुरुषांना आहे, बायकांचा उल्लेख त्यानंतरच्या आयतीत येतो. आपण मात्र पुरुषांच्या नजरेचं काम बायकांच्या कपड्यावर टाकतो, आणि मी तर ते गाडीच्या काचेवर टाकलं होतं.

त्या रविवारी मी आणि बायकोने मिळून फिल्म काढली. हेअर ड्रायरने गरम करायची, कोपऱ्यातून सोलायची, राहिलेला डिंक साबणाच्या पाण्याने घासायचा. अख्खी सकाळ गेली. आता गाडी कडुनिंबाखाली लावतो, उभी असताना पुढच्या काचेला पुठ्ठा लावतो, निघण्याआधी दोन मिनिटं दारं उघडी ठेवतो. तरी मे महिन्यात भट्टी होतेच, खोटं कशाला बोलू.

गेल्या आठवड्यात पुन्हा अक्कलकोटला गेलो. अम्मी नकाब लावूनच बसली. तिच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटून मी गप्प होतो. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. मी आरशात पाहिलं. तिने नकाब वर केला होता आणि बटण दाबून काचही खाली घेतली होती. वारा आत येत होता.