राजूरहून आप्पांना

वणी, जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांस,


वरोऱ्याहून येताना पाटाळ्याच्या पुलावर वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा संपून यवतमाळ लागतो, खासदार मात्र बदलत नाही. वणी आणि आर्णी हे यवतमाळचे दोन विधानसभा मतदारसंघ लोकसभेला चंद्रपुरात मोडतात. कापसाच्या गाड्या आणि कोळशाचे ट्रक एकाच रस्त्याने जातात. कडेच्या बाभळींवर कापूस अडकलेला आणि त्यावर काळी धूळ.

वणी हे बापूजी अण्यांचं जन्मगाव. १९३४ साली ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यावर काँग्रेस धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना, तेव्हा मालवीयांबरोबर त्यांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. १९६२ साली नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. त्यांची मतं तुम्हाला पटणारी नाहीत, मलाही नाहीत. पण ‘दोघांतला एक घ्या’ म्हटलं की हा माणूस उठून जायचा, याचं आज कौतुक वाटलं.

कारण इथल्या मतदाराला उठून जाता येत नाही. २०१९च्या लोकसभेला काँग्रेसने आधी विनायक बांगडे यांचं नाव दिलं, मग ते बदलून बाळू धानोरकरांना उभं केलं. ते तोवर शिवसेनेचे वरोऱ्याचे आमदार. भाजप-शिवसेना युतीला पाडायचं म्हणून वर्षानुवर्षं पंजा दाबणाऱ्यांनी त्याही वेळी पंजा दाबला आणि कालचा शिवसैनिक खासदार झाला. त्या वर्षी राज्यात काँग्रेसची ही एवढी एकच जागा! वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मतं पडली होती. काँग्रेस जिंकली म्हणून त्यांची कोणी चर्चा केली नाही. हरली असती तर ‘मतं खाल्ली’ हा ठपका त्यांच्यावर ठरलेला होता.

गेल्या नोव्हेंबरात वणीत विधानसभेला तर यंत्रावर पंजाच नव्हता. आघाडीत जागा ठाकरेंच्या शिवसेनेला, म्हणजे मशालीला, सुटली. दोन वेळचे भाजप आमदार संजीवरेड्डी बोदकुरवार यांना संजय देरकरांनी हरवलं. बसस्टँडसमोर चहा पिताना शेजारच्या गृहस्थांना विचारलं, तुमच्यासारख्या जुन्या काँग्रेसवाल्याने मशाल कशी काय दाबली? म्हणाले, “दगडापेक्षा वीट मऊ, बाई. आनखी काय करतो?”

तुम्ही जेवताना हेच म्हणता, फक्त सुस्कारा टाकून.

आईला नमस्कार.
तुमची सुमा

*

राजूर

ती. आप्पांस,

राजूर म्हणजे वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्सची) खाण, कोळशाची सायडिंग आणि चुन्याच्या भट्ट्या. भट्टीत वरून चुनखडी आणि कोळसा थरावर थर टाकत राहायचं, खालून भाजलेला चुना ओढायचा. एका बाजूने पांढरी धूळ, दुसऱ्या बाजूने काळी. किराणा दुकानात वऱ्हाडी, हिंदी आणि तेलुगू एकदमच कानावर पडतात.

खाणीतून निवृत्त झालेल्या एका कामगाराच्या ओसरीवर दुपार गेली. जन्म आयटक या कामगार संघटनेच्या लाल झेंड्याखाली गेला, पण मत कधी पंजाला, आता मशालीला. मी विचारलं, “दर वेळी कमी वाईट निवडायचा वैताग नाही येत?”

“वैताग काहून? आमच्या करारात दुसरं काय होते, सांगा.”

मग त्यांनी मला २० मे २०२३चा अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार समजावला. टेबलाच्या एका बाजूला भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा, आयटक, सिटू असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. दुसऱ्या बाजूला व्यवस्थापन. १ जुलै २०२१पासून लागू व्हायचा करार जवळजवळ दोन वर्षं लोंबकळला. मागणी बरीच मोठी होती, पदरात १९ टक्के पडले. सगळ्यांनी सह्या केल्या.

“सही केली म्हनून साहेब आपला झाला का? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर मिटिंग. वोटाचं तसंच हाय.”

आप्पा, मला वाटतं आपली चूक मत देण्यात नाही, नंतर आहे. मतदानाआधी आपण महिनाभर तळमळतो आणि निकालानंतर पाच वर्षं त्या कमी वाईट माणसाची वकिली करत बसतो. ७७ साली जनसंघ गिळून तुम्ही जनता पक्षाला मत दिलंत, ते बरोबरच होतं. पण पुढे संघ आणि पक्ष अशा द्विसदस्यत्वावरून सगळं फुटेपर्यंत तुम्ही त्यांच्या प्रत्येक चुकीला ‘निदान आणीबाणी तर गेली’ म्हणत होतात, हे आईनेच मला सांगितलंय. ज्याला माहीत आहे की हा मतदार कुठे जात नाही, तो त्याच्याकडे कशाला बघेल?

सुमा

*

राजूर

ती. आप्पांस,

तुम्ही फोनवर म्हणालात, ‘मग सरळ नोटा दाबावं.’ २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सत्तावीस हजारांहून अधिक मतं. धीरज देशमुखांच्या विजयाला त्याने ओरखडाही उमटला नाही.

बौद्ध वस्तीत एका निवृत्त गुरुजींनी याहून जुनी गोष्ट काढली. १९५२ साली उत्तर मुंबईच्या दुहेरी, म्हणजे मतदाराला दोन मतं असलेल्या, मतदारसंघात ‘मत कुजवा’ असा प्रचार झाल्याची बाबासाहेबांची तक्रार होती, रोख कम्युनिस्ट डांग्यांवर. चौऱ्याहत्तर हजारांवर मतं बाद झाली आणि बाबासाहेब साडेचौदा हजारांनी पडले. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच कार्यकर्त्यांना वाटलं, आपण दुसरं मत कुजवू. बाबासाहेबांनी ते करू दिलं नाही, अशी आठवण सांगतात. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले. गुरुजी म्हणाले, “हरले, पण मत वाया घालवाचं नाही हे आमाले शिकवून गेले.”

तरी त्या खाणकामगाराचं गणित मला पुरतं सुटत नाही. खाणीत करार आहे, संघटना आहे, गेट आहे. चुन्याच्या भट्टीवर भेटलेल्या एका बाईकडे यातलं काही नाही. तिचं नाव दूरच्या गावच्या यादीत. मतदानाला भरपगारी सुट्टी द्या, रोजंदारीवाल्यांनाही द्या, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३५ ब कलम म्हणतं. पण गाडीभाडं आणि जाण्यायेण्यात बुडणारी मजुरी कोण देणार? गेल्या वेळी गेली नाही, असं ती म्हणाली, आणि टोपलं उचलून चालू लागली. दगड की वीट हा प्रश्न पडायलासुद्धा पायाखाली थोडी जागा लागते. ती आपल्याला आहे.

म्हणून विनंती अशी. पुढच्या वेळी ज्याला नाइलाजाने मत द्याल, त्याच्या सत्काराला जाऊ नका. निकालाच्या आठवड्यात तुमच्या सेवादलातल्या पाचसहा जणांना घेऊन त्याच्या दारात जा आणि पहिली मागणी लेखी द्या. कागद मी टाइप करून देईन. ‘दोघेही सारखेच’ असं मात्र म्हणू नका. सारखे असते तर तुम्ही इतकी वर्षं मतदानाच्या आदल्या रात्री जागला नसता.

परवा यवतमाळला निघते. उत्तर तिथल्या पत्त्यावर पाठवा.

तुमची सुमा