बाबांना इंग्रजीतही अहोजाहो

तिसरीतल्या मुलाने ‘माय फादर आर अ फार्मर’ असं लिहिलं की तपासणाऱ्याचं लाल पेन थेट ‘आर’वर जातं. वरच्याच ओळीत त्याने ‘माय मदर इज’ अगदी बरोबर लिहिलेलं असतं. एक ओळ बरोबर आली आणि दुसरी चुकली, याचं कारण मात्र कुणी शोधत नाही. कारण घरातच आहे. आपण ‘आई आली’ म्हणतो आणि ‘बाबा आले’ म्हणतो. आईला अगं, बाबांना अहो. मुलाने तोच मान इंग्रजीतही राखला. त्याला ‘इज-आर’चा तक्ता पुन्हा दहा वेळा लिहायला लावून काही होत नाही. ‘इंग्रजीत बाबांनाही एकेरीच म्हणतात, त्यात त्यांचा अपमान नाही,’ एवढं सांगितलं की काम होतं. मुलं यावर हसतात, आणि हसून कळलेलं पक्कं राहतं.

मराठी शाळेत मी बरीच वर्षं प्राथमिकचे वर्ग घेतले. आता संध्याकाळी नातू आणि शेजारची मुलं माझ्याकडे बसतात. चाचणी जवळ आली की त्यांच्या आया काळजीत असतात. ‘आम्हालाच इंग्रजी धड येत नाही, आम्ही काय घेणार अभ्यास?’ असं म्हणतात. या भीतीला इतिहास आहे. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. पण मी त्या आयांना मनापासून सांगते, प्राथमिकच्या इंग्रजीच्या तयारीला तुमचं चांगलं मराठीच सर्वांत जास्त उपयोगी पडतं. मुलाच्या निम्म्याअधिक चुका मराठीतून आलेल्या असतात आणि त्या ओळखायला मराठी कान लागतो.

‘धिस माय ब्रदर’ घ्या. ‘हा माझा भाऊ’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, त्यात ‘आहे’ नसलं तरी चालतं. इंग्रजीत ‘इज’ गाळून चालत नाही. म्हणून लिहून झालेल्या प्रत्येक वाक्यात ‘इज’, ‘आर’ किंवा क्रियेचा शब्द कुठे आहे, ते मुलाला बोट ठेवून दाखवायला सांगावं. खुर्चीला ‘शी’ लिहिणारं मूल तर मला फार हुशार वाटतं. ती खुर्ची, तो पंखा, ते पुस्तक ही तीन लिंगं त्याने कुणी न शिकवता आत्मसात केली आहेत. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सरसकट ‘इट’, हे ऐकून त्याला सुटल्यासारखंच वाटतं.

स्पेलिंगचा प्रश्न जरा खोल आहे. ‘बी ए टी बॅट’ ही घोकंपट्टी घराघरांतून ऐकू येते. मराठीत अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार असतो, ‘क’ म्हणजे क. इंग्रजीत तसं नाही. ‘एच’ या नावात ह कुठेच नाही, ‘डब्ल्यू’ या नावात व नाही. बी-ए-टी ही नावं कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून बॅट निघत नाही, म्हणून मूल नुसतं पाठ करतं आणि पेपरात एखादं अक्षर खाली-वर होतं. मी आधी ध्वनी म्हणून घेते. ब्, ॲ, ट्. त्यातही ‘ब’ पूर्ण म्हटला तर वाचताना ‘बॲट’ होतं, तेव्हा पाय मोडलेला ब् म्हणायचा. बाराखडी आणि जोडाक्षरं शिकलेल्या मुलाला पाय मोडलेलं अक्षर लगेच कळतं. ‘सी’चा कधी क, कधी स होतो याचं नवल वाटू नये म्हणून त्याला ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ मोठ्याने म्हणायला लावावं. आपलाही एकच च दोन तऱ्हांनी बोलतो, हे त्याला स्वतःच्याच तोंडात सापडतं.

श्रुतलेखनात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा गोंधळ हमखास होतो. आपण ‘व्हॅन’ही व्हने लिहितो आणि ‘व्हाय’ही. मग मुलाने अक्षर ओळखायचं कसं? ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो. शब्द सांगताना आपला चेहरा त्याला दिसेल असं बसावं. शब्द आधी त्याने स्वतः मोठ्याने म्हणावा, मग लिहावा आणि तपासावाही त्यानेच.

एका गोष्टीकडे घरी फार दुर्लक्ष होतं. ती म्हणजे प्रश्नांतल्या सूचना. उत्तर येत असूनही मूल प्रश्न सोडून येतं, कारण ‘सर्कल’, ‘अंडरलाइन’, ‘मॅच’, ‘रीअरेंज’ म्हणजे काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. शाळेत बाई मराठीत समजावतात, पेपरात तसं कुणी नसतं. हे मोजके शब्द रोजच्या खेळात आणावेत. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात ‘सर्कल द ए’ म्हणावं, चपलांचे जोड लावताना ‘मॅच’ म्हणावं.

उताऱ्यावरच्या प्रश्नांतही हेच. मूल पहिल्या ओळीपासून एकेक शब्दाचा अर्थ लावत बसतं आणि तिसऱ्या ओळीला अडतं. आधी प्रश्न वाचायचे. ‘हू’ दिसलं की माणूस शोधायचा, ‘व्हेअर’ दिसलं की जागा, ‘व्हेन’ दिसलं की वेळ. सगळे शब्द न कळताही उत्तर सापडतं, आणि ते सापडलं की मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठीच मी अजून शिकवते. निबंधाची तयार उत्तरं पाठ करून घेण्याच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. एक ओळ विसरली की पुढचं सगळं जातं. त्यापेक्षा स्वतःची पाच साधी वाक्यं बरी.

चाचणीच्या आदल्या रात्री मी नवीन काही घेत नाही. पेपर तपासून घरी आला की खरं काम सुरू होतं. मुलाला जवळ घ्यायचं आणि चुकांचे तीन ढीग करायचे. मराठीच्या सवयीने झालेल्या एका बाजूला, सूचना न कळल्याने झालेल्या दुसऱ्या बाजूला, आणि खरोखरच न आलेल्या तिसऱ्या. हा तिसरा ढीग बहुतेक वेळा सर्वांत लहान निघतो. पुढच्या चाचणीपर्यंत आईने तेवढाच घ्यावा. पहिल्या दोन ढिगांचं काम जेवताना, कपड्यांच्या घड्या करताना, बोलता बोलता होत राहतं.