रातांब्याचा कौल

गेल्या वर्षी वैशाखाच्या भर उन्हात आमचा भाचा कागदांचे एक भेंडोळे बगलेत मारून आमच्याकडे आला आणि हातावर गूळपाणी पडण्यापूर्वीच म्हणाला, "मामा, तुम्ही जन्मभर पोरांना प्रश्नपत्रिका काढून छळलेत. आता एक माझ्यासाठी काढा." आमची जन्मभराची मास्तरकी अशा रीतीने पुन्हा उपयोगात येईल, असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर त्या विनंतीने आम्ही थोडे फुशारलोही.

भाच्याचा सिंधुदुर्गात कोकमांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द त्याचा; पाहणारास तो पत्र्याचा एक मांडव, पुढे खळे आणि मागे बाटल्यांची रास एवढाच दिसतो. रातांबे फोडावयाचे, बी वेगळी करावयाची, सालीला मीठ घातलेल्या रसाची पुटे देत ती उन्हात वाळवून आमसुले करावयाची, उरल्या रसाचे आगळ आणि साखर घालून अमृत कोकम करावयाचे, असा हा व्याप. पाऊस येण्याच्या आधी सहा-सात आठवडे मरणाची घाई, आणि पुढे वर्षभर विक्रीची विवंचना. आभाळ आठ दिवस आधी भरून आले की खळ्यावरची निम्मी आमसुले बुरशीच्या स्वाधीन होतात. अशा धंद्यातील माणसाच्या कानी एका व्यापाऱ्याने घातले की, हीच साल वाळवून तिचा अर्क काढावा, तो कुपीत भरावा आणि वरती "वजन आटोक्यात ठेवणारे पूरक" असे लिहावे. म्हणजे जो भाव आज किलोला येतो तो मूठभर मालाला येईल. अर्काचे यंत्र घ्यावयाचे म्हणून आमच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, सोन्याच्या पाटल्या पतपेढीत गेल्या आणि यंत्रवाल्यास विसार पोचला. उरलेल्या रकमेचे कर्ज देण्यापूर्वी पतपेढीने अट घातली की, या मालास गिऱ्हाईक आहे की नाही याविषयी लोकांची आणि जाणकारांची मते गोळा करून आणावी. आमची प्रश्नपत्रिका हवी होती ती यासाठी.

आम्ही अकरा प्रश्न काढले. वजन उतरावे असे आपणांस वाटते काय, पूर्वी कोणते उपाय केले, गोळी बरी की चूर्ण की पेय, महिन्याला किती रुपये खर्चाल, असे ते साधे प्रश्न होते. लोकांनी मोकळेपणे लिहावे म्हणून कागदावर नाव घालू नये, असा आग्रह आम्हीच धरला. आणि अगदी शेवटी, जागा उरली होती म्हणून, "आणखी काही सांगावयाचे असल्यास" एवढे लिहून खाली चार रेघा मारल्या. भाचा म्हणाला, "तिथे कोण लिहितंय!" आमचाही अंदाज तोच होता.

दोनशेंहून अधिक कागद परत आले. बचतगटांतून आले, एस. टी.च्या थांब्यावरून आले, एका लग्नाच्या मांडवातून पंगत उठल्यावर आले. पहिल्या दहा प्रश्नांची उत्तरे बहुतेक "होय", "नाही", "परवडेल तेवढे" अशी; परंतु त्या चार रेघांत लोकांनी जे लिहिले ते वाचताना आम्ही चष्मा दोनदा पुसला. एकाने लिहिले होते की, गाडीत दोघांच्या बाकावर बसलो की शेजारचा माणूस उठून उभा राहतो, म्हणून आता मी मुळातच उभा राहतो. एकीच्या सासूबाई पानात वाढताना घास मोजीत. एका मुलीला तीन स्थळांनी फोटो पाहूनच नकार कळविला होता. तिने वय लिहिले नव्हते, अक्षर मात्र शाळकरी होते. सगळेच काही असे नव्हते. बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईने कागद हाती न घेताच भाच्याला विचारले, "माझा वजन रवांदे, ह्या टोपलेचा कमी करणारी गोळी आसा काय?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या अकरा प्रश्नांत कोठे बसवावे हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

लठ्ठ माणसाने आपले गाऱ्हाणे चारचौघांपुढे मांडावे ही गोष्ट नवी नव्हे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. थोरामोठ्यांच्या अंत्ययात्रांची सिद्धता करणे हा त्याचा धंदा. साठी उलटल्यावर त्याचे वजन २०२ पौंडांवर गेले. त्याला बुटाची नाडी बांधता येईना आणि गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून तो जिना पाठमोरा उतरे. वैद्यांची रांग लागली, कोणाचा गुण आला नाही. शेवटी कान ऐकू येईनासा झाला म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या वैद्याकडे गेला, आणि त्याने कान सोडून पोटाकडे पाहिले : पाव, लोणी, दूध, साखर, बीर, बटाटे बंद. वर्षभराच्या सुमारास ४६ पौंड उतरले. मग १८६३ साली बँटिंगने आपली हकीकत स्वखर्चाने छापून लोकांना उद्देशून लिहिलेले पत्र म्हणून वाटली, आणि ती इतकी गाजली की पथ्य करणे याला इंग्रजीत काही काळ त्याच्या आडनावाचेच क्रियापद रूढ झाले. भाच्याला ही गोष्ट फार आवडली. पण बँटिंगला विकावयाचे काहीच नव्हते, हा त्यातला भाग त्याच्या लक्षात येण्यास वेळ लागला.

लोकांचे मत झाले, आता जाणकार. गावचे वैद्यबुवा आमचे जुने स्नेही. त्यांनी चरकाच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय उघडला. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार आहे, आणि दोघांत कृश बरा असे मत दिले आहे. कारण स्थूलाचा अग्नी प्रखर, त्याला उपाशी ठेवावे तर सोसत नाही आणि खाऊ घालावे तर वाढतो. म्हणून त्याला पचावयास जड पण पोषण थोडे असे अन्न द्यावे, असा तेथील रोख आहे, आणि त्यासाठी सांगितलेल्या धान्यांत जव आहेत, कुळीथ आहे. "तेव्हा बाबा, कुळथाची पिठी वीक," वैद्यबुवा म्हणाले. त्याच प्रकरणात व्यायामाबरोबर जागरण आणि चिंता हेही उपाय सांगितले आहेत. ते दोन्ही आमच्या भाच्याने पाटल्या गहाण पडल्या त्या दिवसापासूनच सुरू केले होते.

तालुक्याच्या गावच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही कागदांच्या दोन चळती घेऊन गेलो. एक "घेण्यास उत्सुक" अशांची, दुसरी इतरांची. पहिली बरीच उंच होती. बाईंनी चहा मागविला आणि विचारले, "मास्तर, तुलना कोणाशी करणार?" आम्ही समजलो नाही. मग त्यांनी जे सांगितले ते असे. रातांब्याच्या सालीत जे आम्ल असते तेच त्याच्या केरळातील चुलतभावात, म्हणजे तेथे माशाच्या कालवणात घालतात त्या कुडंपुळीत, सापडते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली ते आम्ल नेमके ओळखले. पुढे प्रयोगशाळेतील उंदरांत त्याने चरबी तयार होण्यास अडथळा येतो असे दिसले, आणि तेवढ्या आधारावर जगभर कुप्या विकल्या जाऊ लागल्या. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल माणसे घेऊन कसोटी झाली. सर्वांना सारखेच हलके जेवण. निम्म्यांना हा अर्क, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण कसलेच औषध नसलेल्या कुप्या. कोणाला काय मिळते हे ना घेणाऱ्याला ठाऊक ना देणाऱ्याला. बारा आठवड्यांनी अर्कवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. पोकळ कुपीवाल्यांचे ४.१ किलो.

भाचा म्हणाला, "म्हणजे उतरलं तर खरं!"

"उतरलं," बाई म्हणाल्या. "आणि त्यांपैकी प्रत्येकाला तुम्ही विचारलं असतंत, तर गुण आला असंच त्यानं तुमच्या कागदावर लिहिलं असतं. पोकळ कुपीवाल्यानं तर जास्तच जोरात."

आम्ही चाळीस वर्षे मुलांच्या उत्तरांवर गुण दिले, परंतु प्रश्नच चुकीचा असेल तर सर्व वर्गाची उत्तरे बरोबर येऊनही काही कळत नाही, ही गोष्ट त्या खुर्चीत बसल्यावर प्रथम मनात उतरली. बाईंनी आणखी एक हकीकत सांगितली, ती तर झोप उडविणारी होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल या द्रव्याशी संबंध येणारे मजूर रोडावत आणि काही तापाने फणफणून मरत. १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी तेच द्रव्य वजन उतरविण्यास वापरले. ते खरोखरच उतरे. शरीर आतल्या आत भट्टीसारखे जाळी. लाखाच्या घरात माणसांनी ते घेतले. मग काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, काही तापून मेले, आणि १९३८ च्या नव्या कायद्यानंतर त्याची विक्री थांबली. १९३४ साली कोणी आमच्यासारखी प्रश्नपत्रिका फिरविली असती तर "घेण्यास उत्सुक" ही चळत छताला लागली असती. अर्थात रातांब्याची साल म्हणजे ते विष नव्हे. आपण ती पिढ्यान्‌पिढ्या आमटीत घालीत आलो आहो. परंतु आमटीतील दोन आमसुले निराळी आणि महिनोन्‌महिने रोज घ्यावयाचा घट्ट अर्क निराळा. अमेरिकेतच हायड्रॉक्सीकट नावाची वजनाची पूरके होती. त्यांपायी यकृत बिघडल्याच्या आणि इतर गंभीर त्रासांच्या २३ तक्रारी, त्यांत एक मृत्यू, नोंदल्यावर २००९ साली तेथील अन्न-औषध खात्याने ती न वापरण्याचा इशारा दिला आणि माल परत घेतला गेला.

बोलता बोलता बाई उंच चळतीतील कागद चाळीत होत्या. एक कागद त्यांनी बाहेर काढून आमच्यापुढे ठेवला. चार रेघांत लिहिले होते : "हे औषध निघाले म्हणजे साखरेच्या गोळ्या बंद करीन. दोन्हींचा खर्च झेपणार नाही." वरती कोपऱ्यात तांबड्या शाईची बरोबरची खूण होती. ती खूण आमच्या हातची.

"मास्तर, ह्या बाईला तुम्ही गिऱ्हाईक म्हणून मोजलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

ही बाई कोण? नाव घालू नये असे आम्हीच छापले होते. गठ्ठ्यावरून एवढेच कळले की कागद अमुक वाडीच्या बचतगटातून आला आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशी एक चिठ्ठी लिहून गटाच्या बैठकीत वाचून दाखविण्याची विनंती केली : असे कोणतेही औषध निघालेले नाही, निघाले तरी मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी थांबवू नयेत. चिठ्ठी वाचली गेली असा निरोप आला. त्या दिवशी ती बाई बैठकीस हजर होती किंवा नव्हती, हे सांगणारे कोणी नाही.

अहवाल लिहिण्याच्या वेळी मात्र घरात वाद झाला. भाच्याचे म्हणणे, पतपेढीने मते मागितली आहेत, तेव्हा "होय"ची संख्या द्यावी आणि गप्प बसावे. रेघांतले रडगाणे कोणी मागितलेले नाही. त्याचे चुकत होते असेही म्हणवत नाही. कर्ज त्याच्या डोक्यावर, पाटल्या त्याच्या आईच्या, आणि आम्ही निवृत्तिवेतनाच्या आधारावर सचोटी सांगणारे. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा पुष्कळदा मनात निर्णय आधी झालेला असतो. पाकळी डावी पडली तर दुसऱ्यांदा लावतात. शिवाय कायद्याचा प्रश्न होताच. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याची जी अनुसूची आहे, तीत लठ्ठपणाही आहे; त्यावर अमुक औषध गुणकारी अशी जाहिरात करणे हा गुन्हा. आणि पूरक म्हणून विकावे तर २०१६ च्या नियमांप्रमाणे ते औषधी उपयोगासाठी नाही असे वेष्टनावरच छापावे लागते. भाचा म्हणाला, "बाकीचे सगळे बारीक अक्षरांत छापतात की!" आमच्या सौभाग्यवती इतका वेळ कुळीथ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवून विचारले, "तुझ्या आईला देशील ती गोळी? तिलाही साखर आहे."

भाचा बोलला नाही. अहवाल आम्ही सर्व लिहिला : संख्याही, चार रेघाही, डॉक्टरबाईंचा प्रश्नही. तो त्याने स्वतःच पतपेढीत नेऊन दिला, आणि तो वाचल्यावर त्यांनी कर्ज नाकारले. यंत्रवाल्याने विसार अर्धाच परत केला.

यंदाच्या वैशाखात तो पुन्हा आला, आगळाची बाटली घेऊन. वेष्टनावर काय लिहावे ते तपासून द्या म्हणाला. कोकमाचा रस आणि मीठ, एवढीच दोन नावे होती. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक आम्ही काढली. खाली बोटभर जागा मोकळी होती. त्याने ती आम्हांस दाखविली, थोडा हसला, आणि बाटली पिशवीत ठेवली. पाटल्या अद्याप पतपेढीतच आहेत. बहीण आली होती तेव्हा तिच्या हातांत काचेच्या होत्या. ती त्याविषयी काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.