नादासह नांदताना

ज्या आवाजाला बाहेर कुठेही उगम नाही, तो दुसऱ्याला ऐकवता येत नाही. कर्णनाद या व्याधीचे एकाकीपण या एका वाक्यात सामावले आहे. गेली चार वर्षे माझ्या दोन्ही कानांत रातकिड्यासारखा एक बारीक, अखंड स्वर आहे. दिवसा घरातल्या वर्दळीत तो दबून राहतो. रात्री दिवे मालवले की सारी खोली त्याची होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासणी केली, श्रवणचाचणी झाली, उतारवयात कमी झालेल्या ऐकण्यासाठी श्रवणयंत्र मिळाले. त्याने काहीसा आराम पडला. मग तज्ज्ञांनी शांतपणे सांगितले, की हा नाद पूर्णपणे घालवणारे खात्रीचे औषध आज उपलब्ध नाही. त्याच्यासह जगणे मात्र शिकता येते.

‘शिकता येते’ या शब्दांनी माझ्यातल्या निवृत्त शिक्षकाला धीर दिला. परंतु शिकायचे कोणाकडे? आमच्या तालुक्याच्या गावी असे काही शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. हाताशी होता तो नातवाने दिलेला स्मार्टफोन. त्यावर शोध घेऊ लागताच पुढे आली ती तेले, कानात घालायचे थेंब आणि ‘सात दिवसांत आवाज बंद’ अशी आश्वासने. त्या गर्दीतून वाट काढण्यासाठी मी तीन प्रश्न ठरवले. हे कोणी तयार केले आहे? ते कशाचे वचन देते? आणि फोन खाली ठेवल्यावर ते मला काय करायला सांगते? जे साहित्य नाद नाहीसा करण्याचे वचन देत नाही, तेच बहुधा विश्वासाचे असते, असे पुढे अनुभवास आले.

या शोधात दोन उपचारपद्धतींची ओळख झाली. पहिली सजगतेवर आधारलेली. अमेरिकेतील डॉ. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घकालीन दुखण्यांनी पिडलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याची मुळे बौद्ध ध्यानपरंपरेत आहेत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे आपल्याला ती परंपरा परकी नाही. दुसरी पद्धत स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तिच्या इंग्रजी नावातच ‘स्वीकार’ आणि ‘वचनबद्धता’ हे दोन शब्द जोडीने येतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेने २०२० साली कर्णनादासाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही प्रकारच्या उपचारांचा समावेश आहे. लंडनमधील ७५ रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात शरीर शिथिल करण्याचे शिक्षण घेतलेल्यांना बरे वाटलेच. पण सजगतेवर आधारित उपचार घेतलेल्यांचा त्रास त्याहून अधिक कमी झाला.

प्रत्यक्ष शिकण्यासाठी मी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची सचित्र पुस्तिका निवडली. ‘डूइंग व्हॉट मॅटर्स इन टाइम्स ऑफ स्ट्रेस’ हे तिचे नाव. ती विनामूल्य आहे आणि सोबत ऐकून करायचे सराव आहेत. रोज काही मिनिटे पुरतात. भानावर येणे, विचारांच्या गळातून सुटणे, आपल्या मूल्यांनुसार वागणे, स्वतःशी व इतरांशी मायेने वागणे आणि वेदनेला जागा करून देणे, अशी तिची पाच अंगे आहेत. ‘पॅलूस माइंडफुलनेस’ हा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. मात्र तो इंग्रजीत असून रोज बराच वेळ मागतो. त्यातले शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेण्याचे सराव जमिनीवर आडवे होऊनच करावेत असे नाही. ज्यांना खाली बसता-उठता येत नाही त्यांनी पलंगावर वा खुर्चीत करावेत. मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून ऐकायचे असल्यास, ठाण्याच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेची व्याख्याने यूट्यूबवर आहेत.

सराव दिसायला साधा आहे. रात्री नाद वाढला की मनात येते, ‘आता झोप लागणारच नाही.’ पुस्तिका सांगते, त्या विचाराशी भांडू नका, त्याला ओळखा. ‘झोप लागणार नाही, असा विचार मनात आला आहे,’ असे मी स्वतःशी म्हणतो. मग पाठीखालची गादी, पंख्याचा वारा, श्वास यांकडे लक्ष नेतो. नाद तिथेच असतो. पण आता तो अनेक गोष्टींपैकी एक असतो. कधी झोप लागते, कधी लागत नाही.

आपल्याकडे ‘स्वीकार’ म्हटले की ‘भोग’ हा शब्द मागोमाग येतो. आणि भोग म्हटला की हातपाय गाळणे आले. या पद्धतीचा दुसरा अर्धा भाग तिथेच उपयोगी पडतो. नाद असतानाही मला कोण म्हणून जगायचे आहे, हा तिचा खरा प्रश्न आहे. माझे उत्तर होते गुरुवारचे भजन. पेटीच्या स्वरांत कानातला स्वर मिसळतो म्हणून मी ते सोडले होते. ‘आवाज थांबला की जाईन’ ही अट काढून टाकल्यावर जाण्याचा रस्ता मोकळा झाला.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगतो. पत्नी रोज सकाळी काळजीने विचारत असे, “अहो, आज आवाज कसा आहे?” उत्तर देण्यासाठी मला तो मुद्दाम ऐकावा लागे. पुस्तिका तिनेही वाचली आणि प्रश्न बदलला, “आज कोणता अभंग घेणार?” माया तीच राहिली, फक्त माझे लक्ष व्याधीकडून दिवसाकडे वळले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. एकाच कानात नाद असणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर उमटणे, सोबत चक्कर येणे, यांपैकी काही असल्यास आधी तज्ज्ञांना दाखवावे. ऐकू येणे अचानक कमी झाल्यास त्याच दिवशी जावे. मन फार खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर सरावावर विसंबू नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

परवाच्या गुरुवारी भैरवी संपेपर्यंत बसलो होतो. नाद होता. झांजाही होत्या, मृदंगही होता, आणि शेजारच्या आजोबांचा बेसूर पण मनापासूनचा आवाजही होता.