अर्क, उंदीर आणि सहा मिनिटे

वनस्पतीच्या अर्काची नैराश्यविरोधी चाचणी घेताना आधी ती वनस्पती नेमकी कोणती हे ठरवावे लागते. शंखपुष्पीचेच पाहा. या एका नावाखाली कॉन्व्हॉल्व्ह्युलस, विष्णुक्रांता आणि गोकर्ण अशा तीन निराळ्या वनस्पती बाजारात खपतात. म्हणून नमुना दाबून, वाळवून तज्ज्ञाकडून ओळख पटवून घेतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात ही सोय आहे. ही पायरी गाळली, तर पुढचे सगळे आकडे कोणत्या वनस्पतीचे हेच कळत नाही.

सावलीत वाळवलेल्या पंचांगाच्या, म्हणजे संपूर्ण वनस्पतीच्या, भरड पुडीतून सॉक्सलेट उपकरणात अल्कोहोलने अर्क काढतात. अल्कोहोल उडवल्यावर काकवीसारखा चिकट, काळपट हिरवा गोळा उरतो. तो पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या) पातळ द्रावणात खलून उंदराला तोंडावाटे देतात. एका गटाला नुसते सीएमसी आणि एका गटाला इमिप्रामिन किंवा फ्लुऑक्सेटिन हे परिचित नैराश्यविरोधी औषध मिळते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी अर्थात आधीच हवी.

पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये मांडलेली पोहण्याची चाचणी आजही सर्रास वापरात आहे. काचेच्या उभ्या भांड्यात सुमारे 25 अंश सेल्सिअसचे पाणी असते आणि शेपूट तळाला टेकणार नाही इतकी खोली. उंदीर सहा मिनिटे पाण्यात राहतो. मोजणी शेवटच्या चार मिनिटांतील स्तब्धतेची होते. सुरुवातीला तो कडेने नखे मारतो, गोल फिरतो, मग नाक वर ठेवून तरंगत राहतो. तोल सावरण्यापुरता मागचा एक पाय हलला तर ती हालचाल धरायची नाही. इथेच दोन निरीक्षकांचे आकडे फुटतात. शिवाय हिरवा अर्क आणि रंगहीन सीएमसी डोळ्यांना वेगळे दिसतात. म्हणून डोस देणाऱ्याने स्टॉपवॉच हातात घेऊ नये.

औषधाने स्तब्धतेचा काळ घटतो. या स्तब्धतेला ‘हताशा’ म्हणण्याची पद्धत आहे, पण ते घाईचे आहे. शक्ती राखून तरंगणे हाही शहाणपणाच असू शकतो. कॅफीननेही उंदीर जास्त पोहतो. म्हणून मोकळ्या चौकटीत त्याची एरवीची धावपळ वेगळी मोजतात. ती वाढलेली असेल, तर अर्क केवळ उत्तेजक असण्याची शक्यता राहते. माणसाला गुण यायला काही आठवडे लागतात, इथे मात्र एका डोसवर तासाभरात फरक दिसतो. ही विसंगती टाळायची तर काही आठवडे सौम्य ताण देऊन साखरपाण्याची ओढ मोजण्याची पद्धत आहे. ती अधिक पटणारी, पण वेळखाऊ; प्रबंधांत म्हणूनच कमी दिसते.

डोसाचा हिशेबही क्वचितच मांडला जातो. उंदरातील किलोला 400 मिलिग्रॅम हा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण बाराने भागला, तर 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे दोन ग्रॅम अर्क लागेल. शंभर ग्रॅम पुडीतून दहा ग्रॅम अर्क निघत असेल, तर ती वीस ग्रॅम पूड झाली.